एका चटणीची वंशावळ

आपल्या घरी जे रांधले जाते ते अनादि काळापासून तसेच रांधले जात आले आहे, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतही फार दृढ असते. वेश बदलला, घरे बदलली, बोलण्याची रीत बदलली, हे आपण सहज कबूल करतो. पण ज्वारीची भाकरी, तिच्यावर लसूण-मिरचीचा ठेचा आणि शेजारी फोडलेला कांदा हा थाट मात्र सह्याद्रीच्या कड्यांइतका पुरातन आहे, याविषयी कोणास शंका येत नाही. आमचीही समजूत अशीच होती. ती ढळली ती एखाद्या ग्रंथालयात नव्हे. येथून फार दूर, अटलांटिक महासागरातील एका लहानशा बेटावर, एका वृद्ध बाईच्या स्वयंपाकघरात, हाती बत्ता असताना ढळली. त्या प्रसंगाची, आणि त्यानिमित्ताने जो इतिहास धुंडाळावा लागला त्याची, हकीकत वाचकांपुढे ठेवावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर कॅनरी बेटांचा समूह आहे. भूगोल पाहू गेल्यास तो आफ्रिकेचा, राज्य पाहू गेल्यास स्पेनचे. त्यांपैकी ला गोमेरा या बेटावर आम्ही उभयता आठ दिवसांच्या विश्रांतीसाठी गेलो होतो. तेनेरीफ या मोठ्या बेटाच्या दक्षिण बंदरातून आगबोटीने सुमारे तासाभरात तेथे जाता येते. बेटाचे क्षेत्रफळ उणेपुरे ३७० चौरस किलोमीटर. पण मध्यभागी १,४८७ मीटर उंचीचा डोंगर, त्याच्या माथ्यावर सदा धुक्यात भिजणारे जंगल, आणि तेथून चोहोंकडे समुद्रापर्यंत उतरणाऱ्या खोल दऱ्या. दऱ्यांच्या उतारावर दगडी ताली घालून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांकडे पाहून आम्हांस क्षणभर कोकणातील घाटाखालच्या एखाद्या गावी आल्याचा भास झाला.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो तेथील मालकीण सत्तरी ओलांडलेली होती. पहिल्याच रात्री तिने आमच्यापुढे सालीसकट उकडलेले, सुरकुतलेले, वरून मिठाचा पांढरा लेप धरलेले लहान लहान बटाटे ठेवले आणि सोबत दोन वाट्या, एकीत तांबडी चटणी, दुसरीत हिरवी. या चटणीस तेथे ‘मोहो’ म्हणतात. आपल्या चटणीहून ती पातळ, तेलाने सुटी झालेली असते. पहिला घास घेताच आम्ही एकमेकांकडे पाहिले. लसूण, सुकी मिरची, जिरे, मीठ! शिरक्याचा आंबटपणा आणि ऑलिव्हच्या तेलाचा वास वगळला तर हा आपल्या घरचाच ठेचा. सात समुद्र ओलांडून आपण परक्याच्या पंगतीस बसावे आणि पानात आजीच्या हातची चटणी पडावी, तसे आम्हांस झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्याकडे शागिर्दी मागितली. तिची नात इंग्रजी जाणणारी होती; तिच्या मध्यस्थीने आमचा हा अभ्यास सुरू झाला.

तांबड्या मोहोची कृती थोडक्यात अशी. प्रथम चमचाभर जिरे कोरडेच कुटावयाचे. मग त्यात खडे मीठ व लसणीच्या सहासात पाकळ्या. मिठाचे खडे येथे केवळ रुचीसाठी नसतात. त्यांच्या धारेने लसूण झरझर वाटली जाते व घसरत नाही. तिचा लगदा झाला की गरम पाण्यात भिजवून मऊ केलेल्या दोन सुक्या तांबड्या मिरच्या, बिया काढून, थोड्या थोड्या करून वाटावयाच्या. रंगासाठी गोड्या मिरचीची तांबडी भुकटी. त्यानंतर तेल, तेही धार धरून, घोटत घोटत. आणि अगदी शेवटी शिरका. हिरव्या मोहोत सुक्या मिरचीच्या जागी मूठभर कोथिंबीर व हिरवी मिरची येते, आणि ती माशाबरोबर विशेष खातात. तिसरा प्रकार खास गोमेराचा, त्याचे नाव ‘अल्मोग्रोते’. शेळीच्या दुधाचे चीज मुरून मुरून इतके टणक झाले की सुरीस दाद देईना, म्हणजे ते किसून लसूण, मिरची व तेल यांबरोबर कुटतात आणि पावास लावून खातात. टाकावयाच्या जिनसेचे असे सोने करण्याची कला जगातील सर्व काटकसरी गृहिणींस सारखीच अवगत असते.

आमचा पहिला प्रयत्न फसला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. लसूण पुरती वाटली जाण्यापूर्वीच आम्ही वाटीभर तेल ओतून मोकळे झालो. मग बत्ता नुसता घसरू लागला आणि लसणीचे तुकडे तेलात पोहू लागले. बाईने ते भांडे शांतपणे बाजूस सारले आणि नवे जिरे काढून दिले. ‘विजेच्या यंत्रात घातले तर?’ असे आम्ही विचारले, तेव्हा तिने एकदा ते करूनही दाखविले. यंत्रातील पात्याने हवा मिसळून चटणी फिकट, नारिंगी व फेसाळ झाली. कुटलेल्या मोहोत मात्र मिरचीची तांबडी साल, जिऱ्याचा कण आणि तेल वेगवेगळे ओळखू येत होते. याउपर वाद संपला.

तिचा खलबत्ता पितळेचा होता. आपल्याकडे आजेसासूबाईंच्या वेळचा म्हणून माळ्यावर पडलेला असतो, अगदी तसा. त्यास ती ‘अल्मिरेस’ म्हणाली. शब्द अरबी आहे. स्पेनचा मोठा भाग कित्येक शतके मुसलमानी अमलाखाली होता. त्या काळी खलबत्त्याचे हे नाव स्पॅनिश भाषेत शिरले आणि तेथेच राहिले. हा एक शब्द कानी पडला आणि आमचे कुतूहल जागे झाले. खलबत्ता जर अरबांचा, तर त्यातील जिनसा कोणाच्या? बाईस विचारता तिने ठसक्यात उत्तर दिले, ‘मोहो आमचा आहे. फार फार जुना आहे.’ तिच्या या वाक्याची छाननी करावी म्हणून आम्ही एकेक जिन्नस घेऊन त्याची वंशावळ काढू लागलो.

प्रथम मिरची. ज्या बंदरात आमची आगबोट लागली, त्याच सान सेबास्तियान बंदरातून ६ सप्टेंबर १४९२ रोजी कोलंबसाची तीन गलबते पश्चिमेच्या अज्ञात समुद्रात शिरली. ३ ऑगस्टला स्पेनचा किनारा सोडल्यावर गलबतांची डागडुजी व पाणीपुरवठा त्याने याच बेटांत केला होता. जुन्या जगाची जी शेवटची भूमी त्याच्या खलाशांच्या पायांस लागली ती गोमेराची. तो दिवस उजाडला तेव्हा साऱ्या युरोप, आफ्रिका व आशिया खंडांत मिरचीचे एकही झाड नव्हते. जानेवारी १४९३ मध्ये कॅरिबियन बेटांतील लोकांच्या या तिखट फळाची नोंद कोलंबसाने आपल्या रोजनिशीत केली आणि ते मिऱ्यांहून सरस असल्याचे लिहिले. तो निघाला होता मिऱ्यांच्या शोधात. म्हणून स्पॅनिश लोकांनी या नव्या फळास मिऱ्याच्या नावावरूनच नाव दिले. गंमत अशी की आपणही तेच केले. ‘मिरे’ या शब्दावरूनच आपली ‘मिरची’ झाली. पाहुणी नवी, नाव मात्र घरातल्या वडीलधाऱ्याचे!

मग बटाटा. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात. स्पेनमध्ये आज त्यास ‘पताता’ म्हणतात. पण कॅनरी बेटांतील लोक पेरूमधील केचुआ भाषेतील ‘पापा’ हाच मूळ शब्द वापरतात. बटाटा तेथे फार लवकर पोहोचला, हे कागदोपत्री सिद्ध आहे: १५६७ साली ग्रान कनारिया बेटावरून अँटवर्पला रवाना झालेल्या मालाच्या नोंदीत संत्री व लिंबे यांबरोबर बटाट्यांची पिंपे आढळतात. खुद्द स्पेनमधील सेव्हिल येथे बटाट्याची पहिली नोंद सापडते ती त्यानंतर, १५७३ ची. म्हणजे युरोपच्या ताटात बटाटा येण्यापूर्वी तो या बेटांच्या शेतांत रुजला होता. कोळी लोक तो समुद्राच्या पाण्यातच उकडीत. त्यावरूनच सुरकुतलेल्या बटाट्यांची ही रीत पडली असे तेथे सांगतात.

आता नाव. ‘मोहो’ हा शब्दसुद्धा स्पॅनिश नव्हे. भाषाभ्यासक तो पोर्तुगीज ‘मोल्यु’, म्हणजे कालवण किंवा रस्सा, या शब्दापासून आला असे मानतात. बेटांवर उसाची लागवड झाली तेव्हा साखर करण्याचे तंत्र जाणणारे कारागीर पोर्तुगीजांच्या मदेरा बेटातून आले. त्यांच्यामागून शेतकरी व कोळी आले. मक्यास तेथे ‘मियो’ म्हणतात, तोही शब्द पोर्तुगीज. कोथिंबिरीची आवडसुद्धा स्पेनच्या मुख्य भूमीपेक्षा पोर्तुगालास जवळची. लसूण, तेल आणि शिरका स्पेनहून आले. जिऱ्याचे मूळ भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे. अशा रीतीने हिशेब मांडला तेव्हा ‘फार फार जुन्या’ मोहोच्या वाटीत बेटाचे स्वतःचे असे काहीच उरले नाही.

पण बेटावर माणसे तर पूर्वीपासून होती. त्यांचे काय झाले? येथे आमच्या खाद्यचर्चेचा रंग पालटतो.

या बेटांचे आदिवासी उत्तर आफ्रिकेतील बर्बर वंशाचे होते. त्यांस धातू माहीत नव्हता. ते शेळ्या पाळीत, जव पिकवीत, जव भाजून दगडी जात्यावर दळीत व ते पीठ दुधापाण्यात कालवून खात. या पिठास ‘गोफियो’ म्हणतात. आपले सातूचे पीठ ज्याने खाल्ले आहे त्यास गोफियो निराळा समजावून सांगावा लागणार नाही. १४०२ साली युरोपियनांनी या बेटांच्या विजयास आरंभ केला आणि १४९६ साली तेनेरीफ पडल्यावर तो पूर्ण झाला. गोमेरावर मोठी लढाई झाली नाही. तेथे एका स्पॅनिश सरदार घराण्याचा अंमल बसला. त्या जुलमास कंटाळून १४८८ साली गोमेराच्या लोकांनी एर्नान पेरासा या आपल्या जहागीरदारास ठार केले. सूड घेण्यासाठी ग्रान कनारियाचा सुभेदार पेद्रो दे वेरा चालून आला. त्याने कित्येकांस देहान्त शासन दिले व शेकडो स्त्रियामुलांस गुलाम म्हणून विकले. ते ख्रिस्ती झालेले लोक होते. म्हणून बेटांच्या बिशपाने राजदरबारी दाद मागितली आणि राजाराणींनी त्यांच्या मुक्ततेचे हुकूम काढले. हुकूम निघाले, पण विकलेली सर्व माणसे परतली नाहीत. ज्या बेआत्रिस दे बोबादियाच्या पतीचा हा वध झाला होता, तिच्याच अमलाखालील बंदरात चार वर्षांनी कोलंबसाने आपली पिंपे भरून घेतली. जगाच्या इतिहासातील तो सुप्रसिद्ध प्रवास ज्या धक्क्यावरून निघाला, त्या धक्क्यावरील अश्रू तेव्हा पुरते वाळलेही नसतील.

जे उरले ते नव्या वसाहतवाल्यांत मिसळले. त्यांची भाषा मेली. गावांची व डोंगरांची नावे आणि ‘गोफियो’सारखे थोडे शब्द एवढीच तिची मालमत्ता शिल्लक आहे. आणखी एक वारसा मात्र विलक्षण रीतीने टिकला. गोमेराचे लोक एका दरीतून दुसऱ्या दरीत शिटीच्या भाषेने बोलत असत. मूळ भाषा गेली तेव्हा त्यांनी त्याच शिट्यांत स्पॅनिश शब्द घातले आणि शिटी जिवंत ठेवली. १९९९ पासून ती तेथील शाळांत शिकविली जाते, आणि २००९ साली युनेस्कोने तिची मानवजातीच्या वारशात गणना केली. गोफियोचेही तसेच झाले. आज तो बहुधा गव्हाचा किंवा मक्याचा असतो, आणि मका हा अमेरिकेचा. पण भाजून दळण्याची रीत मात्र त्या पहिल्या माणसांची. अल्मोग्रोतेचे नाव स्पेनमधील एका जुन्या लसूण-चीजच्या कालवणावरून पडलेले, त्यातील मिरची अमेरिकेची. तथापि ज्या शेळीच्या दुधावाचून तो होणे नाही ती शेळी त्या हरवलेल्या गुराख्यांनी शतकानुशतके पाळली होती.

मग आमच्या यजमानीणबाईंचे ‘आमचा, फार जुना’ हे म्हणणे खोटे ठरले काय? हा निकाल देण्यापूर्वी आपल्या स्वतःच्या घराची झडती घेणे न्यायाचे होईल.

८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघालेल्या वास्को द गामाच्या ताफ्यास आठवड्याभराने हीच कॅनरी बेटे क्षितिजावर दिसली होती. तो ताफा १४९८ साली कालिकतला पोहोचला, आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले. मिरची आपल्याकडे आली ती याच मार्गाने. मुंबईकडे तिला एके काळी ‘गोवाई मिरची’ म्हणत, अशी नोंद जुन्या वनस्पतिकोशांत आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. पण मिरची नाही, बटाटा नाही, भुईमूग नाही. असणे शक्यच नव्हते. ‘बटाटा’ हा आपला शब्द मुळात कॅरिबियन बेटांतील लोकांचा व रताळ्याचा वाचक. तो पोर्तुगीजांच्या तोंडून गोव्यात आला आणि मराठीत रुळला. गोव्यातील ख्रिस्ती घरांत मासळी मसाल्यात व शिरक्यात मुरवून जे ‘मोल’ नावाचे लोणचे करतात, त्याचे नाव आणि कॅनरीच्या मोहोचे नाव ही एकाच पोर्तुगीज आईची लेकरे आहेत. एक पश्चिमेस राहिले, एक पूर्वेस आले. पाचशे वर्षांत त्यांची गाठ पडली नाही.

ज्या भाकरीवर आपण ठेचा वाढतो तिची ज्वारीसुद्धा आफ्रिकेत प्रथम लागवडीस आली व तेथून काही हजार वर्षांपूर्वी इकडे आली. आणि सर्वांत मौज उपवासाची. एकादशीस पावित्र्याच्या कल्पनेने आपण गहू-तांदूळ दूर सारतो आणि साबुदाण्याच्या खिचडीस बसतो. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेचा, दाण्याचा कूट अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, हिरवी मिरची अमेरिकेची. कोलंबसापूर्वीच्या कोणत्याही वारकऱ्यास हा उपवास करता आला नसता!

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की, मग आपले असे काहीच नाही. आमचे मत याच्या उलट आहे. जिन्नस कोठून आला यावरून तो कोणाचा हे ठरत नाही. तो कोणी सांभाळला, कोणी पिढ्यान्‌पिढ्या कुटला, कोणी दुष्काळात त्याच्यावर दिवस काढले आणि कोणी लेकीसुनांस शिकविला, यावरून ते ठरते. या अर्थाने मोहो त्या बाईचाच आहे आणि ठेचा आपलाच आहे. किंबहुना या मोहोने तिच्या लोकांची पाठ परदेशीही सोडली नाही. १७३१ साली कॅनरी बेटांतील काही कुटुंबे स्पेनच्या राजाने टेक्सासात सान अँटोनियो येथे वसविली. पुढे हजारो माणसे पोटासाठी क्यूबास व व्हेनेझुएलास गेली. क्यूबात आंबट संत्र्याचा रस घालून केलेला मोहो आजही होतो. अमेरिकेने बेटास मिरची दिली, बेटाने अमेरिकेस चटणी परत पाठविली. देणेघेणे असे दोन्ही अंगांनी झाले.

मात्र ‘आपले’ म्हणताना दोन गोष्टींची आठवण ठेवावी, असे आम्हांस वाटते. एक, ज्यांच्याकडून मिळाले त्यांचे ऋण. मिरचीच्या मागे कॅरिबियन बेटांतील एक उद्ध्वस्त लोकसमूह आहे, कॅनरीच्या उसामागे गुलामांचा घाम आहे, आणि गोफियोच्या एका शब्दामागे एक अख्खी मेलेली भाषा आहे. आमच्या चुलीचे सर्व काही आमच्याच भूमीतून उगवले, असा अभिमान बाळगणारा मनुष्य नकळत या सर्वांस दुसऱ्यांदा पुसून टाकीत असतो. दुसरी गोष्ट अशी की, सांभाळल्याने जे आपले झाले ते सांभाळणे सोडताच आपले राहत नाही.

याचा प्रत्यय आम्हांस निघण्याच्या आदल्या सायंकाळी आला. आम्ही वही काढून बाईस प्रमाण विचारीत होतो. मीठ किती? तिने मूठ अर्धी मिटून दाखविली. तेल किती? ‘पुरे होईपर्यंत.’ शेवटी आमच्या आग्रहामुळे तिच्या नातीने चमचे आणि वाट्या मांडल्या, आजीच्या मुठीतील मीठ चमच्याने मोजले आणि आकडे लिहून घेतले. लिहिता लिहिता ती म्हणाली की, या घरात हे प्रथमच लिहिले जात आहे. परक्यांनी विचारले म्हणून. ती स्वतः नोकरीनिमित्त तेनेरीफला राहत असे व मोहो बाटलीतला विकत आणीत असे. त्या रात्री तिने आमच्यासाठी एक प्रत केली आणि एक स्वतःसाठी ठेवली.

घरी परतल्यावर आम्ही ब्याडगी मिरची व गोव्याचा माडाचा शिरका घेऊन तांबडा मोहो केला. त्यासाठी माळ्यावरचा पितळी खलबत्ता खाली काढला, चिंचेने घासला. मातोश्रींनी बोटावर घेऊन चव पाहिली आणि ‘ठेच्यात आंबट कशाला घातलेत?’ एवढाच अभिप्राय दिला. मग आम्ही वही उघडून त्यांस विचारले की, तुम्ही ठेच्यात मीठ किती घालता? त्यांनी काही न बोलता मूठ अर्धी मिटून दाखविली. आम्ही चमचा घेऊन ते मोजावयास बसलो.